वाचून दाखविले, समजले

"केस आपण जिंकू हो मडिवाळप्पा, तिची काळजी सोडा. पण जिंकून करणार काय, ते सांगा," असं शेषेराव वकील म्हणाले आणि त्यांच्या अडकित्त्यात सुपारी कट्टदिशी फुटली. रुद्राणीला वाटलं, आपल्याच आत कुठंतरी तसंच काहीतरी दोन फाकांत पडलं. पाच वर्षं झाली, घरात एकच वाक्य देवासारखं पूजलं जात होतं : केस जिंकली की. केस जिंकली की अव्वाच्या, म्हणजे आईच्या, पाटल्या सुटतील. केस जिंकली की पुढच्या खोलीवर पत्रे पडतील. केस जिंकली की अप्पा मठाच्या पंगतीला बसतील, खाली मान न घालता. त्या वाक्याच्या पुढचं सगळं तिनं रंगासकट बघून ठेवलं होतं, अगदी अप्पांच्या डोक्यावरच्या नव्या टोपीच्या घडीपर्यंत. आणि हा माणूस, ज्याच्याकडं लातूरहून एसटीत पाच तास धुरळा खात यायचं, ज्याच्या दारात अप्पा चप्पल अशी काढायचे की जणू गाभाराच आहे, तो आज जिंकण्यालाच विचारत होता की बाबा, तुझा उपयोग काय?

खोली नांदेडच्या कोर्टाच्या मागच्या गल्लीत होती. कपाटात लाल फडक्यात बांधलेल्या फायली एकमेकींच्या अंगावर रेलून झोपल्या होत्या, बाजारच्या दिवशी एसटीत बायका झोपतात तशा. खिडकीच्या गजाला केळीचा एक घड टांगला होता, पण कसला घड, बोटाएवढाली केळी, पिकायच्या आधीच काळी पडलेली. वकील अर्धापूरचे. आधीच्या वर्षांत त्यांच्या खोलीत शिरलं की केळीचा गोड वास अंगावर यायचा आणि निघताना फणी हातात पडायची. यंदा पाऊस दुसऱ्यांदा बुडाला होता. अप्पा खुर्चीच्या अगदी कडेला बसले होते, उठायला सोपं पडावं म्हणून, आणि रुद्राणी मात्र ताठ, पाठ टेकवून, दोन्ही हात मांडीवर घेऊन बसली होती, कारण ती आता ताठ बसणारी मुलगी होती. मागच्याच महिन्यात वक्तृत्व स्पर्धेत ती जिल्ह्यात पहिली आली होती. विषय होता 'दुष्काळ : शाप की संधी'. तिनं संधी ही बाजू घेतली होती आणि काय घेतली होती. लातूरचा जिल्हा झाला तेव्हा ती सहावीत होती; प्रभातफेरीत घसा फुटेस्तोवर ओरडली होती, पण जिल्हा होऊन माणसाचं नेमकं काय होतं ते तिला कळलं नव्हतं. ते आत्ता कळलं. जिल्हा झाला नसता तर जिल्ह्यात पहिली कशी आली असती? ढाल घरात कोनाड्यात, अप्पांच्या केसच्या पिशवीशेजारी ठेवली होती. ढाल चकचकीत, पिशवी मळकी. येता-जाता ती ढालीत आपलं तोंड बघायची; लांबट दिसायचं, पण तोंड एका बक्षीस मिळवणाऱ्या मुलीचं होतं.

खरं म्हणजे त्या भाषणात ती मध्येच अडकली होती. एक आख्खं वाक्य डोक्यातून गेलं, पाटी पुसावी तसं. पण शाळेतल्या बिराजदार बाईंनी सांगून ठेवलं होतं : वाक्य विसरलं तर थांबायचं नाही, डोळे वर करायचे नाहीत, आवाज पाडायचा नाही, आपल्या पदरचं वाक्य घालायचं आणि पुढं जायचं, ऐकणाऱ्याला कधीच कळत नाही. तिनं घातलं. काय घातलं ते आता तिलाही आठवत नव्हतं, पण टाळ्या पडल्या त्या नेमक्या त्याच वाक्याला.

"बघा," वकील सुपारीची खांडं तळहातावर घोळवत म्हणाले, "गिरणीवाल्यांच्या चौकशीत दम न्हाई. मी ते कोर्टात दोन तारखांत फाडून टाकतो. कोर्ट म्हणंल, मडिवाळप्पाला कामावर परत घ्या. कुठल्या कामावर? जुन्या गिरणीला कुलूप लागून राहिलं. नवी एमआयडीसीत हाय, शेटच्या पोराच्या नावानं, कागदावर तिचा-तुमचा संबंध न्हाई. मग तुम्ही काय कुलपावर नोकरी करता? बरं, ते वर औद्योगिक कोर्टात जातील. तिथून औरंगाबादला खंडपीठात. तुमचं वय किती?"

"चोपन्न."

"चोपन्नात सात मिळवा. मी जास्त सांगत न्हाई, सातच मिळवा. आज ते अकरा हजार एकरकमी देऊन राहिले, ते काय तुमच्यावर माया आली म्हणून न्हाई. जुन्या गिरणीची जागा विकायचीय त्यांना, आणि केस चालू असली की गिऱ्हाईक बिचकतं. जागा विकली की ते तुम्हाला ओळखणार बी न्हाईत. सौद्याला वेळ असते, मडिवाळप्पा. ती वेळ आज हाय."

अप्पांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि परत घातली. "पैशाचं तुम्ही म्हणताव ते बरूबर हाय, वकीलसाहेब. माझं एकच हाय. त्या कागदात लिहून देतील का, की मी पोती नेली न्हाईत?"

खिडकीतल्या त्या घडाकडं बघत वकील म्हणाले, "गेल्या महिन्यात मी माझी अर्धी बाग कापली. घड लागलेली. गड्यानं कोयता टाकून दिला, म्हणला मला हे पाप करायला लावू नका. मग मीच कापली. इहिरीत पाणीच अर्ध्या बागेचं होतं. सगळी ठेवली असती तर सगळी गेली असती. तडजोड म्हणजे हेच असतं बाबा. काय वाचतंय ते बघायचं आणि उरल्याल्यावर आपल्याच हातानं कोयता चालवायचा."

"केळीला नाव नसतं, साहेब," अप्पा म्हणाले.

हे अप्पा इतक्या साधेपणानं म्हणाले की वकील उठलेच. "बसा. त्यांचे वकील बाररूममध्ये असतील. तुमचं हे मी त्यांना विचारून बघतो. आज तारीखच हाय, जमलं तर आजच पुरशीस टाइप करून आणतो." पुरशीस म्हणजे दोन्ही बाजूंनी सही करून कोर्टात द्यायचा कागद, हे रुद्राणीला माहीत होतं, पाच वर्षांत घरात अव्वालासुद्धा कोर्टाचे शब्द पाठ झाले होते, ती भाजीवालीलाही म्हणायची, पुढची तारीख देऊ नको, आजच सांग काय भाव.

वकील गेले आणि ती आणि अप्पा दोघंच उरले, पंख्याखाली. पंखा फिरत होता पण वारा खाली येत नव्हता. अप्पांचा उजवा हात मांडीवर पालथा पडला होता, नखांत खडीची पांढरी भुकटी. एकोणीस वर्षं या हातानं गुरुबसप्पा शेटच्या डाळमिलच्या काट्यावर पोती तोलली. लहानपणी ती काट्याच्या फळीवर उभी राहायची आणि अप्पा डोळे मिटून तिचं वजन सांगायचे, मग काटा बघायचा, तर पावशेराचासुद्धा फरक नाही. हमाल म्हणायचे, काटा चुकंल, मडिवाळप्पा अण्णा चुकायचे न्हाईत. आता हा हात रोजगार हमीच्या कामावर खडी फोडत होता, कारण लातूरच्या आडतीवर कुणी त्याला काट्याला शिवू देत नव्हतं. चोर म्हणवलेल्या माणसाला लोक हमाली देतात, काटा देत नाहीत. तिला एकदम वाटलं की हा हात उचलावा आणि आपल्या गालाला लावावा, आणि लगेच वाटलं की वकिलाच्या खोलीत हे बरं दिसणार नाही.

ती दहा वर्षांची होती, पौषातला दिवस होता, आणि अप्पांचा डबा पोचवायला ती गिरणीत गेली होती. तुरीच्या डाळीची बारा पोती हिशोबात कमी भरली होती. हपीसात शेट गादीवर, मुनीम वहीवर, भिंतीला लागून सगळे हमाल उभे, आणि मधोमध अप्पा. डाळीच्या टरफलांची पिवळी धूळ उन्हाच्या तिरपेत तरंगत होती, हे तिला अजून नाकात येतं. शेट काही राक्षस नव्हते. अप्पा आणि ते दोघंही लिंगायत, एकाच मठाचे, एकाच स्वामींचे शिष्य. रुद्राणीच्या गळ्यात लिंग बांधलं त्या दिवशी शेटच्या घरून लिंग ठेवायचा चांदीचा चौका आला होता. म्हणूनच शेटनी पोलीस बोलावले नाहीत. त्यांना वाटलं आपण सोपं करून देतोय. ते म्हणाले, "मडिवाळप्पा, मला चौकशी बिवकशी नको. लिंग काढ, डाव्या तळहातावर घे, आणि सगळ्यांदेखत म्हण की मी पोती नेली न्हाईत. मी पुढं एक शब्द बोलणार न्हाई." अप्पांचा हात छातीशी गेला. चौक्यावर गेला, तिथंच थांबला. आणि मग खाली आला. "शेट," अप्पा म्हणाले, "तळहातावर लिंग पूजेला घ्यायचं असतं. पोत्यासाठी लिंग काढायचं नसतं."

बस्स, इतकंच. मुनिमानं वहीत लिहिलं : शपथ घेण्यास नकार दिला. त्या चार शब्दांवर अप्पांची एकोणीस वर्षं गेली. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं तर तो म्हणेल, इतकं काय, घ्यायची होती शपथ. अव्वासुद्धा पहिलं वर्षभर हेच म्हणून रडायची : खरं होतं तर काढायला काय झालं होतं? आणि अप्पा म्हणायचे, खरं होतं म्हणूनच. रुद्राणीला ते दहाव्या वर्षी कळलं नव्हतं. आता कळतंय असं तिला वाटायचं, म्हणजे रोज सकाळी अंघोळ झाल्यावर तळहातावर तो गार, काळा, गुळगुळीत गोल ठेवला की कळायचं, त्यात कोर्टकचेरी मावतच नाही. पण शाळेत निघाली की परत कळेनासं व्हायचं. वर्गातल्या एका मुलीनं भांडणात तिला 'बारा पोती' म्हटलं होतं. आठवीत. तेव्हापासून ती मोठ्यानं बोलायला शिकली. कुणी तिला नाव ठेवायच्या आधी तिचा आवाज तिथं पोचलेला असायचा.

वकील आले ते हातात तीन टंकलेले कागद घेऊनच आले. कार्बनच्या प्रती. घाम पुसून बसले, पाणी प्यायले, अडकित्ता हातात घेतला. अप्पा त्यांच्या तोंडाकडं बघत होते आणि वकील अडकित्त्याकडं. "विचारलं," ते म्हणाले. "जे जमलं ते यात हाय." मग अप्पांकडं नाही, रुद्राणीकडं कागद सरकवला. "तुमच्या डोळ्यात मोतीबिंदू. वाच माय, तूच वाचून दाखव अप्पाला. सगळं वाच."

अप्पांचं शिक्षण निजामाच्या काळात उर्दूत झालेलं. मराठी ते अक्षर अक्षर लावत वाचायचे, आणि डोळ्यात फूल पडायला लागल्यापासून तेही सुटलं होतं. घरातले सगळे कागद रुद्राणीच वाचायची. तिनं कागद उचलला, घसा साफ केला, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणीसुद्धा तिला थोडं बरं वाटलं, कारण वाचणं ही तिची गोष्ट होती. "मे. कामगार न्यायालय, नांदेड, यांचे समोर," ती वाचू लागली. आवाज खोलीत छान भरला. अर्जदार व गैरअर्जदार यांच्यात आपसात तडजोड झाली आहे. अर्जदाराने स्वखुशीने नोकरीचा राजीनामा दिला असे समजण्यात यावे. अर्जदारास एकरकमी रक्कम मिळाली असून यापुढे त्याचा कोणताही हक्क अथवा दावा उरला नाही. ती वाचत होती आणि डोळे पुढच्या ओळीवर आधीच पोचत होते, तसे ते भाषणात पोचायचे. आणि तिला दिसलं की चौथं कलम शेवटचं आहे. 'सदर आरोपांबाबत उभय पक्षांचे आता काहीएक म्हणणे नाही.' त्याच्याखाली सह्यांच्या रेघा. बस्स. तिनं चौथं कलम वाचलं. सावकाश वाचलं, जितकं लांबवता येईल तितकं लांबवलं. आणि वर बघितलं, जे बाईंनी करू नको म्हणून सांगितलं होतं.

अप्पा पुढं वाकले होते. तोंड किंचित उघडं. काटा स्थिर व्हायची वाट बघताना ते असे बघायचे. पारडं हलत असतं, हलत असतं, आणि माणूस श्वासही घेत नाही, आपल्या श्वासानं काटा हलेल म्हणून. पाच वर्षांत तिनं हे तोंड बघितलं नव्हतं. छातीवर चांदीचा चौका एकदम जड झाला, तिला त्याचे चार कोपरे मोजता आले असते. आता 'संपलं' म्हणायचं होतं. एक शब्द. तो तिच्या जिभेवर आलाही होता.

"तसेच," ती म्हणाली, आवाज न पाडता, डोळे कागदावर ठेवून, "अर्जदाराने बारा पोती नेली नाहीत, हे गैरअर्जदारास मान्य आहे."

अडकित्ता थांबला. सुपारी त्यात अर्धी धरलेली होती, फुटली नाही. तिला वकिलांची नजर कानशिलावर ऊन लागावं तशी लागली, आणि ती वाट बघत राहिली की आता ते बोलतील, आता म्हणतील, दाखव इकडं. तिला ते हवं होतं. एखाद्या मोठ्या माणसानं कान धरून तिला त्या वाक्यातून बाहेर ओढायला हवं होतं. पंखा दोनदा, तीनदा फिरला. मग कट्टदिशी सुपारी फुटली. "झालं ना वाचून?" शेषेराव वकील म्हणाले. "करा दस्तखत, मडिवाळप्पा."

अप्पांनी उर्दूत सही केली, नेहमीसारखी, रेघेच्या उजव्या टोकाकडून डावीकडं. निघताना वकिलांनी गजावरच्या घडातली दोन काळी केळी मोडून रुद्राणीच्या हातात दिली आणि अप्पा चपला घालायला वळले तेवढ्यात हळूच म्हणाले, "आवाज चांगला हाय माय तुझा. जपून वापर." कोर्टात सगळं इतकं पटकन झालं की तिला फक्त लाकडी कठड्याचा गार स्पर्श आठवतो. न्यायाधीशसाहेबांनी चष्म्यावरून बघून विचारलं, "मजकूर समजला का? कुणी वाचून दाखवला?" आणि अप्पा, जे साहेबांसमोर पाच वर्षांत 'हाव जी'च्या पलीकडं गेले नव्हते, ते मोठ्यानं म्हणाले, "माझ्या पोरीनं, साहेब. जिल्ह्यात पहिली हाय." कुणीतरी हसलं, चांगल्या मनानं. लिपिकानं कागदाच्या तळाशी लिहिलं : मजकूर अर्जदारास त्याच्या मुलीने वाचून दाखविला, समजला, मान्य. तिचं नाव नव्हतं, पण ती होती. कोर्टाच्या कागदावर ती आता कायमची 'त्याच्या मुलीने' होती.

परतीच्या एसटीत लोहा मागं पडलं तरी अप्पा बोलतच होते. अप्पा बोलतात, हेच ती विसरली होती. खिडकीबाहेर रान इतकं उघडं पडलं होतं की गुरं चरतायत की नुसती उभी आहेत ते कळत नव्हतं. एका वस्तीपाशी टँकरभोवती घागरींची एवढी गर्दी, की बाया दिसतच नव्हत्या, नुसत्या घागरीच भांडतायत असं वाटावं. अप्पा त्यातलं काही बघत नव्हते. कागदाची घडी खिशात होती आणि हात खिशावर. "अर्जदाराने बारा पोती नेली नाहीत, हे गैरअर्जदारास मान्य आहे," ते म्हणाले. एकदा ऐकून पाठ. काट्यावर बसणारा माणूस, आकडा आणि शब्द त्याच्यात पडला की पडला. "रुद्री, येत्या अमावस्येला मठात जाऊ. पंगत बसायच्या आधी स्वामींना म्हणतो, पाच मिन्टं द्या. तू वाचायचं. माइक असतो तिथं. शेट असतील, मुनीम असंल. तुझ्या त्या भाषणावानी वाच." ती म्हणाली, "हाव अप्पा." आणि तिनं त्या काळ्या केळ्याचा घास घेतला. केळं आतून चांगलं होतं. याचाच तिला संताप आला. सगळं खोटंच निघालं असतं तर बरं झालं असतं. आत्ता सांगावं. लोह्याच्या पुढच्या फाट्यावर सांगावं. तो पूल येऊ दे. तो पूल आला, खाली वाळू, पूल गेला. तिच्या लक्षात आलं की आपण एवढं बोलायला शिकलो, पण एक वाक्य परत घ्यायला बिराजदार बाईंनी शिकवलंच नाही; सगळं पुढं जायचंच शिकवलं.

अहमदपूरला गाडी वीस मिनिटं थांबते. चहाच्या गाड्यापाशी कुणीतरी हाक मारली, "मडिवाळप्पा अण्णा," आणि बघतात तो सिद्धराम. गिरणीतला हमाल, त्या दिवशी भिंतीला लागून उभा असलेल्यांतला. आता इथल्या मोंढ्यात पोती उचलत होता. खांद्यावर गोणपाट, केस पिकलेले. "लई दिवसांनी हो. केसचं काय झालं?" आणि अप्पांनी काय केलं, तर कागद काढला, घडी उलगडली, आणि चहाच्या धुरात उभ्या उभ्या ते वाक्य म्हणून दाखवलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि म्हणाले, "घे, वाच. तू तर रात्रशाळेत शिकलास."

तिला धावत जाऊन तो कागद हिसकावता आला असता. ती चार पावलांवर उभी होती. चारच. सिद्धरामानं कागद डोळ्यांजवळ नेला आणि काळं, फाटलेलं नख ओळीखालून सरकवत चालला, ओठ हलवत. नख खाली गेलं. सह्यांपाशी पोचलं. परत वर आलं, चौथ्या कलमावर, आणि तिथून परत सावकाश खाली. "अण्णा," तो म्हणाला, "कुठं हाय म्हणताव ते?"

अप्पांनी सिद्धरामाकडं बघितलं नाही. वळून तिच्याकडं बघितलं. तिला नंतर पुन्हा पुन्हा आठवत राहिलं की त्या बघण्यात राग नव्हता. राग असता तर तिला उभं राहायला जागा मिळाली असती. काट्यावर पोतं चढलंय आणि डोळे मिटून वजन सांगायचंय, तसं ते बघणं होतं; आणि काटा बघायची त्यांना गरज नव्हती. मग त्यांनी सिद्धरामाच्या हातातून कागद घेतला, जुन्याच घडीवर नीट घडी घातली. "कार्बनची नक्कल हाय," ते म्हणाले. "पुसट हाय. चहा घेतोस का?"

पुढची गाडी तिला विचारायची वाट बघत गेली. अप्पा तिच्या शेजारी, खिडकीकडं तोंड करून. आता विचारतील. विचारलं की सांगायचं, सगळं, वकील गप्प बसले तेही, ढालीचं, टाळ्यांचंही. ती उत्तराची जुळवाजुळव करत होती आणि जुळवताना तिला ऐकू येत होतं की ते भाषण होतंय, त्यात चढउतार पडतायत, आणि तिला आपल्या आवाजाचा पहिल्यांदाच वीट आला, तोंडात शिळं पाणी यावं तसा. अप्पांनी एकदाच तोंड वळवलं. "खिडकी लावू का? वारं लागून राहिलं तुला." ती नाही म्हणाली. तरी त्यांनी लावली. लातूर शहराच्या वेशीवर जिल्हा झाला तेव्हा लावलेली पाटी होती, 'जिल्हा लातूर, आपले स्वागत आहे'. चार वर्षांत पाटीचा रंगही पोपडे धरायला लागला होता.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण होत होती. आठ दिवसांनी नळ आला होता, म्हणून दारात हंडे, कळश्या, पातेली, आमटीची वाटीसुद्धा भरून ठेवलेली, आणि त्यांच्यामधून अव्वा पदर खोचून पाय टाकत आली. तिचं तोंड बघून रुद्राणीला कळलं की ही सकाळपासून नुसतं पाणी भरत नव्हती, वाट बघत होती. "काय झालं? अवं बोला की. मिटलं का?"

"मिटलं," अप्पा म्हणाले. टोपी खुंटीला लावली. पैशाचं पाकीट कोनाड्यात, ढालीशेजारी ठेवलं.

"आन् नाव? लिहून दिलं का त्यांनी?"

अप्पा पाय धुवायला वळले होते, ते थांबले. पाठमोरेच. मग म्हणाले, "दिलं."

अव्वा खालीच बसली. ओल्या फरशीवर, हंड्यांच्या मध्ये. रडली नाही, हसली नाही, नुसती दोन्ही हातांनी तोंड झाकून बसली, आणि मग हात काढून रुद्राणीकडं वळली, तिच्या डोळ्यांत पाच वर्षांपूर्वीची बाई एकदम येऊन बसली होती. "तू वाचलंस गं रुद्री? सवताच्या डोळ्यांनी? खरंच तसं लिहिलंय? लिंगावर हात ठेव आन् सांग मला एकडाव."

रुद्राणीचा हात छातीशी गेला. चौक्यावर गेला. तिला वाटलं, बरं झालं. सुटले. आता हा हात खोटं बोलू शकणार नाही, इथं माझा आवाज चालणार नाही.

"हात काढ," अप्पा म्हणाले. मोठ्यानं नाही. "तिच्याकडून शपथ मागायची न्हाई. पोत्यासाठी लिंग काढायचं नसतं."

अप्पांनी खिशातून कागद काढला, घडी उलगडली, आणि रुद्राणीच्या हातात दिला. मग भिंतीला टेकून पाटावर बसले, मांडी घालून, जसे पंगतीत बसायचे. डोळे मिटले.

"वाच," ते म्हणाले.

तिनं वाचलं. मे. कामगार न्यायालय, नांदेड, यांचे समोर. पहिलं कलम, दुसरं, तिसरं. चौथं. कागद तिथं संपला. दिव्याची वात तिनं लावलेली नव्हती, तरी कागद अगदी स्वच्छ दिसत होता, नक्कल मुळीच पुसट नव्हती, सह्यांच्या वरची ती रिकामी जागा बोटभर पांढरी होती. तिनं अप्पांकडं बघितलं. मिटलेल्या डोळ्यांनी ते वाट बघत होते.

"तसेच," ती म्हणाली, आणि आवाज पडला, त्याला तिला सावरता येईना, "अर्जदाराने..."

आणि अप्पांचे ओठ तिच्याबरोबर हलायला लागले.